विनानांगरणीचं शेत

काका : अगं, हळू बोल. दादा आत जागा आहे.

पुतणी : हळूच विचारतेय, काका. बाबांच्या शेतात ट्रॅक्टर कुणी घातला?

काका : मीच. दुसरं कोण घालणार? आणि तुझ्या त्या लोखंडी कड्या आधी काढून घेतल्या हो. एकीलाही धक्का नाही. घासूनपुसून ओट्यावर रचून ठेवल्यात, बघ.

पुतणी : बघितल्या. लखलखतायत. त्या मातीत रुतलेल्या हव्या होत्या, काका. वर झाकण लावून मातीतून किती वायू निघतो ते मोजायचं होतं. ओट्यातून काही निघत नाही.

काका : मग परत रुतव की! माती आता लोण्यासारखी झालीये.

पुतणी : नऊ वर्षं तिथं नांगर नव्हता. शेजारी तुमचं नांगरलेलं, इकडे बाबांचं न नांगरता पेरलेलं. कुठून किती वायू हवेत जातो, एवढाच माझा प्रश्न. आता दोन्हीकडे तेच. तुलना कशाशी करू? डांबरी रस्त्याशी?

काका : एकदाच तर नांगरलंय.

पुतणी : मडकंही एकदाच फुटतं. धसकटं, मुळं कुजून जो कर्ब मातीत मुरला होता, तो ढेकळं फुटली की मोकळा. मातीतले जंतू त्यावर तुटून पडतात आणि त्याचा वायू होऊन वर जातो.

काका : मी दिवसभर तिथंच होतो. मला तर काही दिसलं नाही.

पुतणी : दिसलं असतं तर मला नोकरी कुणी दिली असती?

काका : चिडू नकोस, पण तूच मागं म्हणालीस ना, पावसात दादाच्याच शेतातून तो दुसरा कुठला तरी वायू जास्त निघतो?

पुतणी : नायट्रस ऑक्साइड. तोही हवा तापवतो. जमीन चिकण, पाणी साचतं, म्हणून निघतो. न नांगरण्यात एकूण फायदा की तोटा, ते यंदा कळणार होतं. आता तेही कळणार नाही. का केलंत हे? लोक ‘पडीक, पडीक’ म्हणून हसतात म्हणून?

काका : माझ्यावर घेऊ नकोस. दादानं सांगितलं.

पुतणी : बाबांनी? कडीजवळ कुत्रं फिरकलं तरी काठी घेऊन धावणारे बाबा?

काका : तेच. डॉक्टर म्हणाले ना, आता घरीच न्या... त्याच दिवशी म्हणाला, “पोरीसाठी गप्प बसलो रे. पण जाताना तणाकडे बघत जायचं का? एकदा नांगरलेलं बघू दे.” मी पलंग खिडकीशी लावला आणि ट्रॅक्टर काढला. नाही म्हणू? तूच सांग.

पुतणी : दिसलं त्यांना?

काका : कुठलं! डोळे गेल्यातच जमा आहेत. वास येतो म्हणतो. खिडकी लावू देत नाही.

पुतणी : येणारच. नऊ वर्षांचा आहे तो.

वडील (आतल्या खोलीतून) : कोण आलंय रे?

काका : पोरगी आलीये, दादा.

वडील : आली? अरे, नांगरल्याचं तिला सांगू नकोस हं. जीव तुटेल तिचा. मी गेल्यावर कळलं तर कळलं.

पुतणी : बाबा, चपला काढते आणि आलेच. मागच्या रस्त्यानं आले मी. शेताकडे गेलेच नाही अजून.