कोमट पत्रा

विमल : असं काहून पाहून राह्यले त्या डब्ब्याकडं? त्याले का डोळे फुटनार हाय?

देवमन : आत्ताच वायरीले कथलाचा डाग मारला. थंडा होऊ दे. आन माईकले हात नको लावू.

भिवाजी : देवमन, मले जे सांगाचं ते आधी सांगून टाकतो, मंग तू डब्बा पाह्यत बस. काल विहारात बैठक झाली. जगदेवनं विषय काढला. म्हने, यंदा बुद्धपौर्निमेले सुरुवातीचं गानं विमलबाईचं नको. मांगच्या साली भोंग्यातून जुनं लुगडं टरकावल्यासारखा आवाज आला म्हने. बाकीच्यायनं माना हलवल्या. ज्यायच्या वावरात जगदेवचे बैल जातात, त्यायनं जरा जास्तच हलवल्या.

विमल : त्याची पोरगी आता गाते, मामा.

भिवाजी : तेच तं. मी काय कानानं बहिरा हाव, डोळ्यानं थोडी! पन पंच म्हटलं का चौघायचं आयका लागते. मी म्हटलं, आपला देवमन वाशीमले रेडिओच्या दुकानात हाय, त्यानं घरी सेट बनवला. तो आयकल्याशिवाय मी सांगत नाई. आता तूच सांग, तुह्या सेटात अन् बाबूलालच्या भाड्याच्या सेटात फरक तो काय?

देवमन : फरक सेटाच्या शेवटच्या घरात हाय, मामा. आवाज भोंग्यात जायच्या आधी दोन ट्रान्झिस्टर राह्यतात. जात्यावर दोघी बसतात ना, तसे. अर्धा फेरा एकीनं वढाचा, अर्धा दुसरीनं. एकीचा हात सुटला आन दुसरीनं अजून खुटा धरला नाई, तं जातं अडखळते. आवाजाचंबी तसंच. त्या अडखळन्यालेच तुमी फाटकं म्हनता.

भिवाजी : म्हंजे बाबूलालच्या सेटात दोघी भांडून बसल्या.

देवमन : झोपून राह्यल्या म्हना. गानं आलं का दचकून उठतात. मी माह्या डब्ब्यात दोघीले जाग्या ठेवलं. कोनी बोलत नसलं तरी थोडा करंट जात राह्यते. त्याच्यानं हा मांगचा पत्रा, डब्बा चालू असला का, कोमट राह्यते.

विमल : वर्षभर या दोघीसंग संसार केला यायनं. ताटातली कढी निवली तरी भान नाई. पत्रा निवला का मातर उठून बसतात.

भिवाजी : ते तुमचं तुमी पाहा. मले एकच सांग, आवाज पाटलाच्या आळीपर्यंत जाईन? बाबूलालचा जाते. हवा असली तं पार टेसनापर्यंत जाते. आपलं गानं आपल्याच वस्तीत आयकू आलं तं त्यात काय? ते तं चुलीपाशीबी आयकू येते.

देवमन : तितक्या दूर नाई जानार. पन जेथवर जाईन तेथवर मानूस बोलल्यासारखं जाईन. आवाजाची पेटी विहाराच्या वट्ट्यावर, समोरच्या विहिरीकडं तोंड करून ठेवली. वायर छपरावरून घरात आनली. माईक अन् पेटी जवळ आनली का शिट्टी मारते, म्हनून माईक इथं. तुमी जाऊन विहिरीपाशी उभे राहा.

भिवाजी : जातो. पसंद आलं तं जगदेवले मी पाहून घेतो. नाई आलं, तं बाई, माह्यावर राग नको धरजो. गानं तुहं हाय, पन कार्यक्रम वस्तीचा हाय.

(भिवाजी जातो. देवमन बॅटरीची वायर जोडतो.)

विमल : झालं? म्हनू काय?

देवमन : थांब. काहीच नाई येऊन राह्यलं.

विमल : मी अजून म्हटलंच कुठं?

देवमन : तुहं नाई. घुं. वायर जोडली का तिकडून घुं आयकू येते, खरखर येते. रोज येते. आज मुकाट हाय.

विमल : बाबूलालचा तं चालू केला का गल्लीतले कुत्रे उठून बसतात.

देवमन : सकाळी जमिनीत गाडाची वायर बदलली. तेथंच काही चुकलं. जळला वाटते. झाकन काढतो. पेचकस दे.

विमल : हे घ्या. मामाले वापस बोलावू?

देवमन : राहू दे. पान्याले बाया आल्या असतीन. मामाले गोठीले मानसं भेटली का घंटाभर घराची आठोन येत नाई.

विमल : मंग एक सांगतो. डब्बा मुका हाय तवर सांगून घेतो.

देवमन : सांग.

विमल : जळला असन तं जळू द्या. नवा नका करू.

देवमन : काहून?

विमल : बाबूलालचा सेट फाटका नव्हता. माहा गळा फाटला व्हता.

देवमन : येडी का काय? मी आयकलं ना.

विमल : तुमी भोंगा आयकला. मी मले आयकतो, जात्यावर, रोज. दुष्काळाच्या सडकेवर खडी फोडली, तवा गळ्यात जे धूळ गेली ते गेलीच. वरचा सूर धरला का मधातच सुटते. गोजराबाई माह्या बाजूले बसे खडी फोडाले. तिनंच पहिले सांगतलं. म्हने, विमल, तुह्या गान्यात खडी आली वो.

देवमन : मंग वर्षभर काहून नाई बोलली?

विमल : कसं बोलू? तुमी त्याच दिवशी भर मांडवात म्हटलं, खोट सेटाची हाय, माह्या बायकोची नाई. जगदेवच्या तोंडावर म्हटलं. कोनाचा नवरा म्हनते तसं? मी चूप राह्यली. मंग तुमी डाग माराले बसले. दुकानातून आले का तेच. मले म्हना, बोल. मी म्हनो, भाकर, मीठ, तेल. तुमी म्हना, अजून बोल. मी म्हनो, पाटा, वरवंटा, उखळ. आन तुमी डोळे मिटून, कान लावून आयका. लगन झाल्यापासून इतकं कोनी आयकलं नव्हतं मले. मंग काहून सांगू?

देवमन : मी डब्ब्यासाठी आयकत व्हतो.

विमल : म्हाईत हाय मले. आयकलं ना पन.

देवमन : विमल, मलेबी समजलं व्हतं.

विमल : काय?

देवमन : बाबूलालचा सेट फाटकाच हाय, ते खरं. पन माहा डब्बा जसा जसा साफ होत गेला, तसं तसं समजत गेलं. बोलनं साफ ये, खालचं गानं साफ ये, आन वर गेलं का सुटे. ते ट्रान्झिस्टरचं नाई.

विमल : मंग अजून कायले उलथापालथ करून राह्यले त्याची?

देवमन : काम थांबवलं असतं तं तुले सांगा लागलं असतं.

विमल : आन आता?

देवमन : आता... हा पत्रा पाह्य.

विमल : काय झालं पत्र्याले?

देवमन : कोमट हाय.

विमल : उन्हानं असन.

देवमन : इथं कुठून आलं ऊन? जितका असाले पायजे तितकाच कोमट हाय. विमल, डब्बा जळला नाई. घुं नाई येऊन राह्यलं, कारन सकाळच्या वायरनं घुं उरलंच नाई. पेटीचं तोंड विहिरीकडं, म्हनून इथं आपल्याले आपलंच बोलनं वाटलं. हा चालू हाय.

विमल : कवापासून?

देवमन : वायर जोडली तवापासून.

विमल : माय वो. म्हंजे जे बोललो ते...

(भिवाजी पळत येतो.)

भिवाजी : बंद नको करू रे. मी मुद्दाम पळत आलो, तू बंद करशीन म्हनून.

विमल : मामा, किती आयकू आलं?

भिवाजी : पेचकसापासून सगळं. बाबूलालच्या सेटावर मानूस ओरडते तरी मले अर्धं समजत नाई. तू तं इथं हळूच बोलली, आन गोजराबाईनं मांगं वळून पाह्यलं, का विमल कोठं उभी हाय. घागर भरून ठेवली तशीच राह्यली. एक बाई घरी गेली नाई. मले म्हने, मामा, पुढं उभं नका राहू, आयकू द्या.

देवमन : जगदेव व्हता काय?

भिवाजी : व्हता. त्याचं नाव निंघालं तसा म्हने, बैलायले पानी दाखवाचं हाय. विहिरीपासून उठून पानी दाखवाले गेला.

विमल : मंग झालं मामा. आता तुमाले मले सांगाची गरज नाई. गळ्याचं मीच सांगून बसली.

भिवाजी : पाटलाच्या आळीत नाई गेला आवाज, ते मी तुह्या नवऱ्याले सांगनारच हाय. विहिरीच्या तिकडं काही नाई पोचलं. पन गोजराबाईनं निरोप देला. म्हने, तिले सांगा, खालच्या सुरात म्हन. खडी आमीबी फोडली, आमालेबी वरचा लागत नाई.

विमल : आन तुमचं काय म्हननं?

भिवाजी : माहं काय? निरोप घेऊन आलो व्हतो, निरोप घेऊनच उभा हाव. त्या बाया अजून पेटीपाशी बसल्या हायत. तुलेच काय बोलाचं ते बोल.

विमल : अजी, पत्रा?

देवमन : हात लावून पाह्य.

विमल : हाय कोमट. सरका जरा. गोजराबाई, आयकून राह्यली ना? वर गेलं का माहा हात सुटीन. तू आधीच खुटा धरून ठेवजो.