स्वप्नालीचं ताट

—अवो घ्या की पावणं, लाजतायसा कशाला? पोरीला बी वाढते. अकरावीला हाय म्हणता, आणि पळायला घालायची, धैर्यशील सरांच्या अकादमीत? बरं. सर चांगलंच हाईत की. चांगलंच म्हणायचं. त्यांच्या समद्या पोरी सहा वर्षं माझ्याच खानावळीत जेवायच्या. आता न्हाय येत. का म्हंजे—तेच सांगते.

स्वप्नाली म्हणून पोरगी होती, गगनबावड्याकडची. तीन हजार मीटर पळायची. आली तवा चार भाकऱ्या खायाची, वर रस्सा वाटीनं प्यायची. राज्यात तिसरी आली. मग सर मला म्हणालं, बायडाबाई, दोन किलो उतरली तर ही पहिली येतीया, तिला एकच भाकरी वाढा, भात बंद, तेल बंद. मी ऐकलं. का ऐकलं? अवो, ते शिकलेलं माणूस, मी भाकरी थापणारी! आणि आली की पहिली. पेढं वाटलं मी. मग सर म्हणालं, आणिक दोन किलो. मग पोरगी आपणहूनच अर्धी ठेवायला लागली, कुस्करून वाटीखाली लपवायची. मला दिसायचं—ताट मीच उचलायची न्हवं?

एक दिवस भांडी घासताना जवळ आली—आता तुमच्यासमोर बोलू नये, पण बोलते—म्हणाली, काकू, सात महिनं झालं, पाळी न्हाय आली. कुणाला सांगू नगा, माझी शपथ हाय. मी भ्याले. सरांना सांगितलं. मला वाटलं, डॉक्टरकडं नेतील! तर सर हसलं. बरं झालं, कटकट गेली म्हणालं. आणि दुसऱ्या दिवशी मैदानावर समद्या पोरींच्या म्होरं तिला विचारलं—बायडाबाईपाशी काय रडत बसतीस गं? तिथनं पोरगी माझ्याशी बोलली न्हाय. खाली मान घालून यायची, जेवायची, जायची. जेवायची म्हंजे—बसायची.

मग जोतिबाच्या चढाला सराव करताना मांडीचं हाड मोडलं. पडली न्हाय, धडकली न्हाय, नुसती पळताना! राजारामपुरीतला डॉक्टर म्हणाला, सतरा वर्षांच्या पोरीची हाडं म्हातारीगत झाल्यात, ही उपाशी हाय. आणि सरांनी तिच्या बापाला काय सांगावं? खानावळीचं जेवाण निकस. माझं जेवाण! मी तिथंच म्हटलं, सर, एक भाकरी तुम्हीच सांगितलीसा की. माझ्या तोंडाकडं बघून म्हणालं—मी? कधी?

तिच्या गावाला गेलते मी, शेंगदाण्याचं लाडू घेऊन. म्हटलं, स्वप्नाली, तू तरी बापाला खरं सांग. तिनं भिंतीकडं तोंड केलं. म्हणाली, काकू, मी शपथ घातलती. एवढंच. लाडू तसंच राहिलं.

आता सांगा, मी तिचं वाईट चिंतलं काय? तिनं मागितली असती तर दुसरी भाकरी दिली नसती काय मी? ...मागितलीती. एकदा. मी म्हटलं, सरांना सांगू काय? पुन्हा न्हाय मागितली.

असू दे. पोरीला तिथं घाला, न्हाय तर नका घालू, तुमची मर्जी. फकस्त तिला काय मनातलं सांगायचं असलं, तर ते तुम्हाला सांगू दे. सरांना नगं. आणि मला तर मुळीच नगं. हात धुवायला तिकडं पाणी हाय. जावा.