मचाण, पट्ट्यांशिवाय

...पट्ट्यांशिवाय! ऐकताय ना? पट्ट्यांशिवाय! वेष्टनावर हा एवढा मोठा आकडा छापलाय, 'अतिहलकं मचाण, वजन फक्त सात पौंड', आणि घरी आणून मी ते मासे तोलायच्या काट्याला लटकवलं तर काटा दहाच्याही पुढे! फोन केला कंपनीला. म्हटलं, बाई, हे वरचे तीन पौंड कुठून आले? ती मधात जीभ बुडवल्यासारखी म्हणते, "सर, छापलेलं वजन पट्ट्यांशिवायचं असतं." पट्ट्यांशिवाय? अहो, मग ते मचाण झाडाला काय प्रेमानं चिकटणार? उद्या विमान विकाल आणि म्हणाल, पंख धरलेले नाहीत!

तुम्हाला सांगतो, मी सगळा जन्म बातमीदारी केली. काउंटीच्या रस्त्यातली खडी कोणाच्या घरासमोर पडली ते छापलं, चीज कारखान्याचं सांडपाणी रात्री कुठे जातं ते छापलं, तीन महापौर माझं नाव ऐकून मागच्या दारानं पळायचे. पण शिकारीच्या सामानाचं खरं वजन? ते काढायला माझा बाप खाली आला तरी जमायचं नाही.

आता तुम्ही म्हणाल, एल्डन, या वयात तुला हलकं मचाण हवंय कशाला? रास्त प्रश्न. बसा.

वीसेक वर्षं माझी लोखंडी शिडी आणि तिच्या टोकावरचं मचाण शेजाऱ्याच्या शेतातल्या एका ओकला टेकून उभं होतं. जायचं, चढायचं, बसायचं, घरी यायचं. शेजाऱ्यानं शेत विकलं. कोणाला? शिकागोच्या एका दातांच्या डॉक्टरला! त्यानं पहिलं काम काय केलं? कुंपणावर पाटी ठोकली, 'आत येऊ नये'. लोकांनी याच्यापुढे तोंड उघडायचं, आणि हा आमच्या तोंडावर फाटक लावणार! मग उरलं काय? नदीकाठचं सरकारी जंगल. तिथला नियम असा, की मचाण झाडावर सोडून घरी जायचं नाही. सकाळी पाठीवर न्या, बांधा, बसा, संध्याकाळी सोडा, पाठीवर आणा. थोडक्यात काय, गोगलगाय व्हा.

दुसरा रस्ता होता. ऑरिन. माझ्या बायकोचा भाऊ. याच्या मक्याच्या शेताच्या कडेला याचं शिकारीला बसायचं खोकं आहे. लाकडी, चार खांबांवर उभं, काचेची खिडकी, गॅसचा हीटर, आत ऑफिसातली फिरती खुर्ची. "दाजी, कशाला या वयात माकडउड्या? या आमच्या खोक्यात. सूप आहे, ब्रँडी आहे, पाय लांब करून बसा." ऐकायला गोड वाटतं हो! पण आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे, की जो एकदा खोक्यात बसला तो परत झाडावर चढत नाही. आमचे व्हर्नकाका 'एवढा गुडघा बरा होईपर्यंत' म्हणून बसले. पुढच्या वर्षी उशी घेऊन गेले. त्याच्या पुढच्या वर्षी शब्दकोडं. मग त्यांना शिकारीच्या तळावर रस्सा ढवळायला ठेवलं, आणि एक दिवस असा आला की 'काका, हरीण दिसलं का?' एवढं विचारणंसुद्धा लोकांनी बंद केलं. रस्सा चांगला व्हायचा, पण विचारायचं कोणी नाही. जन्मभर मी लोकांना प्रश्न विचारले. आता मला कोणी विचारलंच नाही तर मी घरात बसून काय भिंतींची मुलाखत घेऊ?

म्हणून शुक्रवारच्या तळलेल्या माशांच्या पंगतीत, सगळ्या गावासमोर, मी ऑरिनला सांगून टाकलं. "या हंगामात तीरकमठ्यानं हरणाचा एक नर मारीन, तोही झाडावरून. नाही जमलं तर मुकाट्यानं तुझ्या खोक्यात येऊन बसेन." ऑरिननं माशाचा काटा दातातून काढला आणि म्हणाला, "हीटर साफ करून ठेवतो."

गेलो लायलच्या दुकानात. पुढे गांडुळं आणि चीज, मागे शिकारीचं सामान. पूर्वी तिथे माणसं विचारायची, बायको कशी आहे, गाय व्यायली का. आता आत पाऊल टाकलं की एकच प्रश्न. वजन किती? शिडीचं वजन किती? खिळ्याचं वजन किती? एकजण मचाणाच्या पत्र्याला भोकं पाडून आला होता, वजन कमी करायला! मी म्हटलं, अरे, ती जाळी झाली, आता तिच्यावर मांस भाज!

लायल मला समजावतो. एक मचाण असं, की त्याचे दोन भाग झाडाला कवटाळायचे आणि सुरवंटासारखं वर सरकत जायचं. पण त्याला झाड सरळसोट हवं. आमच्या नदीकाठी सरळ झाड? त्यापेक्षा सरळ नगरसेवक लवकर सापडेल! दुसरं ते पट्ट्यांशिवायवालं, ते परत करायलाच मी गेलो होतो. मग लायलनं आजूबाजूला बघितलं, आवाज खाली आणला आणि म्हणाला, "एल्डन, हल्ली मचाण कोणी नेतच नाही. हल्ली खोगीर."

"घोडं कुठाय?"

"घोडं तूच."

आणि त्यानं माझ्या हातात काय ठेवलं म्हणता? कापडाची झोळी. ती ढुंगणाला लावायची, कमरेला आवळायची, पुढून एक दोर झाडाला, आणि टेकून लटकायचं. पाय ठेवायला ताटाएवढी फळी. बाळाच्या लंगोटाला दोर बांधून झाडाला टांगलं तर जे दिसेल ना, तेच. मी विचारणार नव्हतो हो! शपथ घेऊन गेलो होतो. पण तोंडातून निघालंच, "वजन किती?"

लागला की नाही मलाही रोग!

मग काय विचारता. खोगीर आलं, चढायला शिडीचे चार तुकडे आले, आणि मी स्वयंपाकघरात काटा मांडून बसलो. चाकू नको, लहान चाकू. थर्मास नको, बाटली. बाटलीचं झाकण कशाला दुहेरी? टोपीचं लेबल कापलं. पिशवीच्या झिपच्या शेंड्या कापल्या. पायमोजा काट्यावर ठेवला तेवढ्यात मार्डेल आली, माझी बायको.

"एल्डन, त्या काट्यावर मी लोणी तोलते."

"धुतलेला आहे."

"आणि हे औंस औंस काय चाललंय? रात्रीचा तो तिसरा चीजचा तुकडा सोड, तीस पौंड फुकटात जातील."

"हे सामानाचं वजन आहे, मार्डेल."

"मग तू काय सामानात धरत नाहीस?"

जन्मभर मी महापौरांना कोंडीत पकडलं. घरी मी पायमोजा उचलून काटा परत लोण्याला दिला.

असो. ओकची फळं गळायला लागली, तशी एका पहाटे मी निघालो. तुम्हाला सांगतो, चाललो नाहीच मी, तरंगलो! दलदल ओलांडली, चढ चढलो, दम नाही, घाम नाही. पूर्वी लोखंड वाहून न्यायचो ते दिवस आठवून मला माझी कीव आली. वर टेकडीच्या धारेवर ताज्या खुणा, नरानं शिंगं घासून सालं सोललेली. शेजारी ॲशचं एक वाकडंतिकडं झाड. सुरवंटवाल्याला कधीच जमलं नसतं असं. मी शिडीचा एक तुकडा बांधला, चढलो, दुसरा बांधला, चढलो, वर फळी आवळली, दोर टाकला, टेकलो. वा! पान हललं नाही. उजाडायला लागलं. मी मनातल्या मनात ऑरिनला म्हटलं, हीटरवर आता भुट्टे भाज!

आणि दोरी ओढायला हात खाली घातला.

कसली दोरी? अहो, तीरकमठा हातात घेऊन कोणी झाडावर चढत नाही. हात मोकळे हवेत. तो खाली एका बारीक दोरीला बांधायचा, दुसरं टोक कमरेला, आणि वर पोहोचलं की ओढून घ्यायचा. शेंबड्या पोराला ठाऊक असतं! ती दोरी... ती दोरी मी आदल्या दिवशी काढून ठेवली होती. दोन औंस होती हो ती!

तीरकमठा खाली. मी वर. मध्ये वीस फूट हवा, वजन शून्य.

म्हटलं ठीक आहे, उतरू, घेऊ, चढू. एक पाय हलवला आणि मागे काटकी मोडली. नर! डोक्यावर खुर्ची उलटी ठेवावी अशी शिंगं. असा नर आमच्या काउंटीत फक्त बारच्या भिंतीवर दिसतो. आला, आला, थेट माझ्या झाडाखाली आला, आणि काय केलं त्यानं? माझ्या तीरकमठ्याची मूठ चाटली! घामाचं मीठ! घाम आला नव्हता म्हणालो ना मी? आला होता, सगळा मुठीला लागला होता. सावकाश चाटली, जशी आमची मार्डेल चमचा चाटते. आणि मग लेकाचा तिथेच बसला. पाय दुमडून, तीरकमठ्याशेजारी, रवंथ करत.

आता उतरू? उतरलो तर उधळणार, आणि उधळला की त्या वाटेला हंगामभर पुन्हा नाही. मग बसलो. म्हणजे लटकलो. तो खाली रवंथ करतोय, मी वर. त्याच्याकडे ओकची फळं, माझ्याकडे कडा कापलेलं सँडविच... कडा का कापल्या विचारू नका. ऊन वर आलं. वारा झुलवायला लागला. खोगीर कमरेला असं काही धरतं म्हणून सांगू, पाठ सैल, मान सैल, डोळे जड...

"दाजी! ओ दाजी! जिवंत आहात का?"

डोळे उघडले तर दिवस कलला होता. नर गायब. खाली ऑरिन, त्याच्या हातात माझा तीरकमठा. मार्डेलनं पाठवला होता शोधायला. मी म्हटलं, संपलं. आता हा शुक्रवारी मासे खाताना ही गोष्ट सांगणार, ख्रिसमसला सांगणार, माझ्या मयताला सांगणार.

तर हा नुसता वर बघतोय. खोगीर, पट्टे, दोर, एकेक निरखून.

"झोप लागली होती?"

"डोळा लागला जरा."

"जरा? रस्त्यापर्यंत घोरणं ऐकू येत होतं. त्याच्यावरूनच सापडलात. पाठ धरली का हो?"

"नाही."

"कंबर?"

"नाही म्हटलं ना!"

तीरकमठा त्यानं हळूच झाडाला टेकवला. "खोक्यातल्या त्या खुर्चीनं माझी कंबर गेली, दाजी. बोललो नाही कोणाला. आणि खरं सांगू? हरीण दिसलं का, असं मलासुद्धा आता कोणी विचारत नाही." मग वर बोट दाखवून म्हणाला, "ते... वजन किती?"

"दोन पौंड."

"खोगीराचं नाही हो. माणसाचं. माझ्याएवढा पेलेल का त्याला?"

आता काय सांगायचं? माझ्याकडे हरीण नव्हतं, आणि शब्द सगळ्या गावासमोर दिलेला. उतरलो. पट्टे सैल करून त्याला बांधून दिलं. पहिल्या फांदीपर्यंत चढवला तर हा तिथे लटकून हसतोय, पहिल्यांदा दात पडलेल्या पोरासारखा!

तेव्हापासून रोज पहाटे ऑरिन खोगीर घेऊन धारेवर. अजून शेपूटसुद्धा दिसलेलं नाही त्याला, पण लायलच्या दुकानात दहा माणसं घेरून विचारतात, दिसलं का, किती जवळ आला, वारा कुठला होता. आणि मी? शब्दाचा पक्का माणूस, आणि खोगीरही त्याच्याकडे, मग हंगाम संपायची वाट कशाला? खोक्यात. सूप आहे, खुर्ची आहे, ब्रँडी आहे. हरीण इथेही येत नाही म्हणा. पण तुम्हाला सांगतो, न येणाऱ्या हरणाचीच वाट बघायची, तर ती हीटर लावून बघितलेली काय वाईट?