पाट्या वाचणारा नवरा

नाही हो, पाटी बरोबर आहे, वळण तुम्ही चुकलात. चर्चपाशी तपकिरी पाटी दिसली ना — वर मेंढीचं चित्र, खाली 'वारसा मार्ग'? ती मी रोवलीय. या हातांनी, भर पावसात, आणि साहेब छत्रीत उभा राहून 'क्लाइव, जरा डावीकडे' करत होता. काउंटीच्या रस्ते खात्यात जन्म गेला माझा. अख्ख्या डेल्समध्ये, या सगळ्या खोऱ्यांत, लोक माझ्या पाट्या बघून गाड्या वळवतात, कुठल्या तरी कोठारात उभं राहून जुने नांगर बघतात, आणि बाहेर येऊन 'छान होतं' म्हणतात — बसा ना, बूट काढा खुशाल, डोंगर उतरून आलात, पाय सुजले असतील. बायको आत संग्रहालयात चहा पितेय. तिला वेळ लागेल. म्हणजे लागला तर बरं, कारण मला विचार करायचाय आणि विचार करायची मला सवय नाही, रस्ते खात्यात ते काम दुसऱ्यांकडे असायचं.

हे बघा, कार्ड. आत्ताच घेतलं, तिकिटाच्या खिडकीवर. आजीव सभासदत्व, नवरा-बायको दोघांचं. या मार्गावरची झाडून सगळी संग्रहालयं, मरेपर्यंत फुकट. पुढच्या आठवड्यात लग्नाला चाळीस वर्षं होतायत, म्हटलं आमच्या हेझलला चकित करावं. चाळिसाव्याला लोक बायकोला माणकाची अंगठी देतात, मी लोकरीची गिरणी, शिशाची खाण आणि एका पाद्र्याने टाचून ठेवलेली फुलपाखरं देणार होतो. खिडकीवरची मुलगी म्हणाली, किती गोड. आणि मी फुगलो — या वयात कुणी गोड म्हटलं की माणूस फुगतोच — कार्ड खिशात टाकलं आणि निघालो हेझलला शोधायला.

तर आत ती जुन्या शाळेची खोली आहे, बघितली नसेल तुम्ही अजून — बाकं, फळा, आणि छडी घेतलेला एक मेणाचा मास्तर. त्याच्या मागे नुसती फळ्यांची भिंत, आणि भिंतीपलीकडे चहाची खोली. सगळं ऐकू येतं. बेरिल म्हणून एक बाई आहेत तिथे, हौसेनं चहा देतात, चहाबरोबरचे ते छोटे पाव, स्कोन, जरा कडक करतात पण मन चांगलं — तर हेझल बेरिलला सांगत होती, 'खरं सांगू? मला या चरख्यांचा वीट आलाय. आणखी एक चरखा दिसला ना, तर मी लाथ घालीन.' बेरिल म्हणाली, 'मग येतेस कशाला दर शनिवारी?' तर ही म्हणते, 'क्लाइवसाठी गं. त्याला वेड आहे.'

मला. वेड. अहो, मला चरखा आणि सायकल यांतला फरक कळायला पाच वर्षं गेली. मला हे कधीच आवडलेलं नाही. कोंदट वास, दोरीपलीकडे ठेवलेला पाळणा, त्यात ती निळ्या डोळ्यांची बाहुली, रात्री स्वप्नात येते. मी येतो तिच्यासाठी! वीस वर्षं होत आली. शनिवार उजाडला की थर्मास भरायचा, काकडीचं सँडविच, आणि निघायचं — ती माझ्यासाठी, मी तिच्यासाठी, आणि परत येताना गाडीत 'छान होतं, नाही?' 'हो, छान होतं.' इतकंच. वीस वर्षं दोन माणसं एकमेकांवर उपकार करतायत आणि दोघंही चरख्यांना कंटाळलीत. आमच्या रस्ते खात्यातसुद्धा एवढा अंधार नव्हता.

हसा, हसा. मीही हसलो असतो, मधे ती सुटकेस नसती तर.

कुठली म्हणजे — जाऊ द्या. तुमचं सँडविच खा तुम्ही. नाही, काही नाही, जुनी गोष्ट आहे, ती निघाली होती. सोडून. बहिणीकडे, लीड्सला. भांडण वगैरे काही नाही, भांडायला दोघं लागतात आणि मी तोंडच उघडत नसे. कामावरून यायचो, जेवायचो, पेपर घ्यायचो. ती म्हणायची, 'क्लाइव, मी भिंतीशी लग्न केलं असतं तर निदान तिला रंग तरी देता आला असता.' मी पेपरचं पान उलटायचो. एक दिवस सुटकेस घेऊन खाली आली आणि म्हणाली, 'मला स्टेशनवर सोडशील?' आणि मी — ऐका, हा मी — मी म्हणालो, 'हो, पण पुढचा रस्ता निसरडा आहे, जरा लवकर निघू.' म्हणजे बायको चाललीय कायमची आणि हा गाढव तिला रस्त्याची माहिती देतोय. सुटकेस मीच डिकीत ठेवली. नीट ठेवली, आडवी.

स्टेशनवर गाडीचा पत्ता नाही, पाऊस असा की छपराखालीही भिजतोय, आणि समोर एक जुनी डेअरी, तिचं संग्रहालय केलेलं. त्याच आठवड्यात मी तिची पाटी लावली होती, म्हणून मला ठाऊक. गेलो आत. आता काय बोलायचं हिच्याशी? म्हणून मी आपला वस्तूंखालच्या चिठ्ठ्या मोठ्यानं वाचायला लागलो. 'लोण्याचा साचा, त्यावर हंस.' 'लोणी काढायचं पिंप, बिजागरी मूळची.' मग एका गायीचा फोटो आला — 'नाव डचेस. दूध भरपूर, स्वभाव तुसडा.' आणि हेझल हसली हो. म्हणाली, 'अगदी तुझ्या आईसारखी.' तेवढ्यात बाहेर गाडी आली. दोघांनी ऐकली. आली, थांबली, गेली. मग ती म्हणाली, 'ते पुढचं वाच ना.' मी पुढचं वाचलं. सुटकेस घरी परत आली, मीच वर नेऊन ठेवली, आणि त्याबद्दल आजतागायत आमच्यात एक शब्द झालेला नाही.

तर मला काय वाटणार? मला वाटलं, हिला संग्रहालयांचं वेड. मग मी एक शनिवार चुकवला नाही. ताप असताना गेलोय, एकदा बर्फात गाडी रुतवून चालत गेलोय, तर आत फक्त बटणं होती, आणि तीही बहुतेक काळी. मला वाटायचं, या चरख्यांनी, पाळण्यांनी, शिशाच्या खाणींनी माझी बायको धरून ठेवलीय. आता कळतंय, यातल्या कशानंच नाही. मग सांगा, हे कार्ड देऊ? दिलं तर ती म्हणेल 'छान आहे' आणि मरेपर्यंत चरखे बघत बसेल. नाही दिलं, खरं सांगून टाकलं, शनिवार बंद केले — तर घरी काय? समोरासमोर दोन खुर्च्या, मधे चहा, आणि मी. तिला परत तीच भिंत दिसणार. ती सुटकेस अजून माळ्यावर आहे. मला भीती वाटते हो. हसण्यावारी नेतोय पण खरंच भीती वाटते.

पुढे? पुढे काय म्हणाली ती बेरिलला — तुम्हीही भलतेच चौकस, डोंगर चढणाऱ्या माणसानं इतकं चौकस असू नये, पाय घसरतो. म्हणाली काहीतरी. बेरिलनं विचारलं, 'मग सांगून का टाकत नाहीस त्याला?' आणि ही म्हणाली — ही म्हणाली, 'नको गं. घरी तो बोलतच नाही. इथे चिठ्ठी दिसली की बोलतो. तो वाचतो ना, तेव्हा मी त्या वस्तूकडे बघत नसते बेरिल, मी त्याचा आवाज ऐकत असते. आठवड्यातून तेवढाच मिळतो मला.'

आणि मी मास्तराच्या शेजारी उभा. हलता येईना. पलीकडे जावं की पळून जावं, काही सुचेना, तसाच खांबासारखा. तेवढ्यात एक जोडपं आत आलं. बाईनं मास्तराकडे बघितलं, मग माझ्याकडे, अगदी वाकून बघितलं आणि नवऱ्याला म्हणाली, 'हा दुसरा जास्त हुबेहूब झालाय, पण डोळ्यांत पाणी दाखवलंय ते जरा अति वाटतं.' नवरा म्हणाला, 'छान आहे.' आणि गेले पुढे.

म्हणून बाहेर येऊन बसलो. आणि आता गंमत बघा — तुमचं नाव मला माहीत नाही, तुम्हाला रस्ता सांगायला म्हणून तोंड उघडलं, आणि चाळीस वर्षांत तिच्याशी बोललो नाही एवढं तुमच्याशी बोलून बसलो. तुमच्याशी! मोजे वाळवणाऱ्या परक्या माणसाशी. जमतं तर मला. म्हणजे सगळं आहे आत, फक्त भलत्याला दिलं.

ती आली. ती बघा, दारात, निळ्या रेनकोटवाली — मला शोधतेय. तोंडावर तेच हसू, बघा, आता विचारणार, 'पुढे कुठलं?' अहो उठा तुम्ही. तसं नाही, रागावू नका, पण उठा, बूट हातात घ्या हवं तर, त्या भिंतीपाशी ऊन आहे. डावीकडे वळा, मग सरळ, पाटी आहे. जा हो, जा लवकर, ही जागा मला तिच्यासाठी हवीय.

हेझल, इकडे. इकडे ये. बस जरा. नाही, पुढे नको जाऊया आज. तुला एक — थांब, मला सांगू दे — त्या दिवशी स्टेशनवर गाडी आली ना, ती मी ऐकली होती, आणि मला वाटत होतं की तू — नाही गं, इथे कुठे काही लिहिलेलं नाही. वाचत नाहीये मी. मीच बोलतोय.