बालुशाहीचा पाक

गेल्या दिवाळीत, आई गेली त्याच्या आदल्या दिवशी, रागिणीने नेहमीसारखा फोन करून तिला बालुशाहीचा पाक विचारला होता. या दिवाळीत, अमरावतीत किराण्याच्या रांगेत, तिच्यापुढे दोघीजणी बोलत होत्या.

“पोरगी दरसाल इचारते, आई, पाक किती आटवू?”

“इसरत असन, पार्वताबाई.”

“इसरते कायले! दोन बोटांत तार आली का उतरवा, हे सोताच शेजारणीले शिकवते.”

“मंग तुमाले काहून पिडते?”

“तेच तं! यंदा सांगून देईन, मोबाइलवर पाह्य अन् मले सोड.”

“नका सांगू, काकू,” रागिणी एकदम बोलली. “मलेही येत होता पाक. आईनं बोलत राहावं, म्हणून इचारत होती मी.”