झोळीतलं कोकरू

शिवकन्या : ‘आधी आवाज बंद करायचा, मग बघायचं.’ तुमीच म्हणलतात ना बाई, वाचनालयाच्या पयल्या तासाला? मी तसंच बघितलं. सकाळी गावच्या ग्रुपवर आलेल्या व्हिडिओतला मानूस माझे आप्पा हायेत.

अंजनाबाई : ये, बस इथं. दार लोटून घेते. अगं, आत्ता वाचनालयाच्या तासाला आपण सगळ्यांनी तोच व्हिडिओ बघितला. तेव्हा का नाही बोललीस?

शिवकन्या : समदे म्हणत हुते, पोरं पळवणारा हाय. त्याची पोरगी म्हणून माझ्याकडंच बघितलं असतं.

अंजनाबाई : बरं. पण तो तर पाठमोरा आहे. चेहरा दिसतच नाही. मग तू कशावरून ओळखलंस?

शिवकन्या : चालन्यावरून. डाव्या पायावर झुकतेत जरा. आन् पाठीवर जी झोळी हाय ना, त्यात लेकरू न्हाई बाई, कोकरू हाय. नवं जलमलेलं कोकरू मेंढरांसंगं चालत न्हाई, मग आप्पा घोंगडीची झोळी करून त्याला पाठीवर घेतेत. त्याची माय बगा, मागं मागं मान वर करून चाललीय.

अंजनाबाई : झोळीबाहेर आलेला खूर तर वर्गात ऋतुजालाही दिसला. व्हिडिओ थांबवत थांबवत पुढं नेला तेव्हा तीच म्हणाली, हा माणसाचा पाय नाही. आप्पांचा मुक्काम कुठं आहे सध्या?

शिवकन्या : नदीपल्याडच्या शिवारात. माय बी तिथंच हाय, धाकला भाऊ बी. फोन लागंना. बाई, पारावर पोरं म्हणत हुते, दिवस बुडायच्या आत काठ्या घेऊन जाऊ. छबुआजीनं ऐकलं. तवापासून चुलीपाशी बसून हाय, घास न्हाई घेतला तिनं.

अंजनाबाई : तासाला सुरुवात करण्याआधीच मी या व्हिडिओबद्दल ठाण्यात फोन केला होता. माणसं नारायणगडाच्या बंदोबस्ताला गेलीत म्हणाले, संध्याकाळपर्यंत पाठवतो. संध्याकाळपर्यंत थांबून चालायचं नाही.

(अमरसिंह दार ढकलून आत येतात. ते शाळा समितीचे अध्यक्ष आणि ऋतुजाचे वडील.)

अमरसिंह : बाई, ऋतुजाला घरी नेतो मी. निम्मे मायबाप फाटकात उभे हायेत. आन् लेक मला काय म्हणती माहिताय? ‘पप्पा, तुमी न बघताच पाठवलं.’ समद्या बायांदेखत! वाचनालयात पुस्तकं वाटायची का बापाच्या चुका काढायला शिकवायचं?

अंजनाबाई : चूक नाही काढली, आण्णा. एवढंच विचारलं, की हे कुणी काढलं, कुठं काढलं, कधी काढलं. एकालाही सांगता आलं नाही. तुम्हाला कुणाकडून आलं?

अमरसिंह : मेहुण्याकडून. त्याला आलं आसल कुनाकडून तरी. चांगल्यासाठीच टाकलं मी. उद्या एखादं लेकरू गेलं असतं तर तुमीच म्हणला असता, अध्यक्षाला ठावं होतं आन् गप बसला.

अंजनाबाई : म्हटलं असतं. तुमच्या मनात काही वाईट नव्हतं, मला माहीत आहे.

अमरसिंह : मग? तुमी उपासतापास करणाऱ्या, पोथी वाचणाऱ्या बाई. पोरांना थोरामोठ्यांचा मान ठेवायला शिकवा की.

अंजनाबाई : पोथीसुद्धा स्वतः वाचल्याशिवाय मी दुसऱ्याच्या हातात देत नाही, आण्णा. दोन मिनिटं बसा. हा बघा तुमचा व्हिडिओ. आवाज बंद केलाय.

अमरसिंह : आवाज कावून बंद?

अंजनाबाई : व्हिडिओतले ढोल मागाहून जोडलेत. भीती वाटते ती त्यांचीच. आता सांगा, काय दिसतं?

अमरसिंह : मानूस चाललाय. पाठीवर गठुडं. मागं मेंढरू. जरा थांबवा. मागं घ्या... अजून जरा. आता मोठं करा.

अंजनाबाई : हं.

अमरसिंह : खूर हाय की वो.

अंजनाबाई : हो.

अमरसिंह : जल्मभर मेंढरं बघितली, आन् मोबाईलात वळखू आलं न्हाई. कोन हाय हा?

शिवकन्या : माझे आप्पा. सोमनाथ.

अमरसिंह : राधाकिशनचा सोमनाथ? आपल्या गावचा?

शिवकन्या : दरसाल तुमच्याच वावरात बसवतेत मेंढ्या. खतासाठी.

अमरसिंह : ...पुसून टाकतो. हे बघा, आत्ताच पुसतो.

अंजनाबाई : नुसतं पुसू नका. लोक म्हणतील, कुणीतरी दाबलं. तुमच्या आवाजात सांगा, चुकलं म्हणून.

अमरसिंह : बाई, पंचायतीचं इलेक्शन तोंडावर हाय. धर्मराज टपूनच बसलाय. अध्यक्ष कोकराला भ्याला, असं गावभर करील तो. तुमी टाका की शाळेच्या नावानं.

अंजनाबाई : काठ्या काढणारी पोरं माझं ऐकून नाही उठली, आण्णा.

अमरसिंह : काठ्या? कुनी काढल्या?

शिवकन्या : पारावरच्या पोरांनी. प्रविणदादा म्हणत हुता, आण्णांनीच टाकलंय म्हणल्यावर खरंच आसल.

अमरसिंह : माझं नाव घेतलं त्यानं?

शिवकन्या : व्हय.

अमरसिंह : ...कुठं दाबायचं हे? हां. राम राम मंडळी, अमरसिंह बोलतोय. सकाळी मी व्हिडिओ टाकला, तो नीट न बघता टाकला. झोळीत लेकरू न्हाई, कोकरू हाय. मानूस आपल्या गावचा सोमनाथ हाय, राधाकिशनचा. कुनीबी तिकडं जायचं न्हाई. ज्याला हसायचं त्यानं खुशाल हसा... गेलं का?

अंजनाबाई : गेलं. मेहुण्यांनाही पाठवा. ज्या वाटेनं आलं, त्याच वाटेनं परत जाऊ द्या.

अमरसिंह : पाठवलं. हे बघा, धर्मराजनं हसनारी तोंडं पाठवली. दमच न्हाई गड्याला. रामप्रसाद म्हणतोय, बरं झालं सांगितलं, आमी निघालोच होतो.

अंजनाबाई : हसू द्या. हसणाऱ्याच्या हातात काठी राहत नाही.

अमरसिंह : पण प्रविणनं न्हाई ऐकलं अजून. फोन बी उचलंना. गाडीवर आसल.

शिवकन्या : नदीकडं?

अमरसिंह : तसं काय न्हाई पोरी. तू आता रडू नगंस. ऐक. घरी जा आन् छबुमावशीला म्हणावं, दोन घास खाऊन घे. सोमनाथला, तुझ्या मायला, भावाला मी स्वतः घेऊन येतो. मेंढरांसकट. आज माझ्या वरच्या वावरात बसतील. रस्त्यालगत हाय, समद्या गावाला दिसतील. हा शब्द हाय माझा.

अंजनाबाई : मी सोडते हिला घरी. आणि ऋतुजा?

अमरसिंह : तिला बी संगं न्या. म्हणावं, पप्पा गेलेत, आता नीट बघून येतील.

शिवकन्या : आण्णा, आमचं कुत्रं लई भुंकतं. लांबूनच आप्पाला हाक मारा, मग गप ऱ्हातं.

अमरसिंह : काय म्हणून मारू?

शिवकन्या : नुसतं नाव घ्या.

अमरसिंह : बरं. गाडी नदीच्या अल्याडच लावतो. तिथून चालत जातो.