देवीला वाहिलेला हात

मंडळी, टाळ जरा थांबवा. पखवाजवाले, तुम्हीही. आधी एक विचारतो, खरं सांगा. प्रेमानं केलेल्या चुकीला माफी असते का?

माना हलवताय — असते म्हणून! इतक्या लवकर नका हलवू. आधी ऐका.

आंबेखिंड नावाचं गाव. तिथल्या देवीचा गुरव काशिनाथ. गाव त्याला अप्पा म्हणायचं. माणूस कसा? गाभाऱ्यातली मुंगी फुंकर घालून बाजूला करणारा! त्याला लग्नानंतर बारा वर्षांनी एकच लेक झाली, रेवा. अप्पाची स्वतःची शाळा चौथीतच सुटलेली. त्यामुळं एकच ध्यास, पोरगी शिकली पाहिजे. रोज दिवेलागणीला घरातला टीव्ही बंद! आहे का तुमच्यात कुणी असा? त्या कोपऱ्यातल्या काकू हसल्या — म्हणजे नाही! तर टीव्ही बंद करून अप्पा रेवाशेजारी मांडी घालून बसायचा. ती लिहायची, तो नुसता बघत राहायचा.

आणि ती लिहायची डाव्या हातानं.

अक्षर असं, की तिच्या वर्गाच्या मेटकरी बाई पहिलीतल्या रेवाची वही चौथीच्या पोरांना नेऊन दाखवायच्या. फळ्यावर तारीख लिहायची असली की बाई हाक मारायच्या आत रेवा खडू घेऊन उभी!

मग चैत्रात देवीचा उत्सव आला. कीर्तनाला बाहेरगावचे एक बुवा आले. रंगात येऊन बुवा बोलून गेले, ‘डाव्या हातानं नैवेद्य दाखवलात तर देवी तोंड फिरवते, आणि डाव्या हातानं लिहिलंत तर सरस्वती पाटीवरून उठून शेजारच्या घरी जाते!’ मंडप पोट धरून हसला. अप्पा मात्र हसला नाही. त्याला वाटलं, हे आपल्यालाच सांगितलं.

घरी जाऊन त्यानं काय केलं? पोरीला मारलं? छे! तो कुठला मारणारा. देवीच्या ओटीत आलेला हिरवा खण काढला, त्याची पट्टी फाडली, आणि अभ्यासाला बसताना रेवाचा डावा हात तिच्या कमरेशी बांधला. अगदी हलका.

‘दुखतंय का गं?’

‘नाही अप्पा.’

‘हा देवीचा खण आहे बरं. तुझा हात आता देवीनं धरलाय.’

बघा मंडळी! मारलं असतं तर पोरगी रडली असती, शेजारीपाजारी धावून आले असते. पण देवीच्या नावानं बांधलं — आता सोडवणार कोण?

जूनमध्ये रेवा दुसरीत गेली. उजव्या हाताला काही जमेना. ओळ वर चढायची, पेन्सिलीचं टोक मोडायचं. अप्पा न रागावता टोक काढून द्यायचा. रेवाची आई सुलभा आतून म्हणायची, ‘अहो, पानं वाढलीत. सोडा ना आता तिला.’ अप्पा म्हणायचा, ‘एवढी एक ओळ होऊ दे.’ एका ओळीला तास लागायचा.

श्रावणात मेटकरी बाई घरी आल्या. म्हणाल्या, ‘अप्पा, रेवा वर्गात लिहीत नाही हो. डावा हात मांडीखाली दाबून बसते. काही विचारलं तर खाली बघते. डावखुरी मुलं असतातच, त्यात वाईट काही नाही. तिला तिच्या हातानं लिहू द्या.’

‘बाई, तुमचं शिक्षण मोठं. पण मी देवीचा सेवक. माझ्याच घरात सरस्वतीला नाराज करू?’

बाई पुष्कळ बोलल्या. चहा गार झाला. अप्पाच्या मनात शंका आली होती हं, मंडळी! पण त्यानं ती दाबली. म्हणाला, ‘दसऱ्यापर्यंत बघू.’

दसरा आला. आंबेखिंडीत पाटीपूजन देवळातच होतं. पोरं एकाच्या आकड्यांची सरस्वती काढून पाट्या आणतात आणि गुरव त्यांना हळदकुंकू लावून देवीपुढं मांडतो. अप्पा एकेक पाटी घेत होता. रेवाची आली. स्वच्छ धुतलेली, पुसलेली, आणि कोरी.

‘सरस्वती कुठाय गं?’

‘उजव्यानं येत नाही, अप्पा.’

सगळी पोरं बघत होती. अप्पाला त्या कोऱ्या पाटीकडं बघवेना. तो खाली बसला, रेवाचा डावा हात त्यानं ओढून घेतला, त्यात पेन्सिल ठेवली आणि म्हणाला, ‘मग यानं काढ. काढ बाळा.’

‘हा देवीचाय ना? तुम्ही खण बांधून दिलाय तिला. देवीला वाहिलेलं परत घ्यायचं नाही, असं तुम्हीच सगळ्यांना सांगता.’

‘देवी परत देईल गं तुला!’

‘देवी तसं बोलली?’

मंडळी, समोर देवी. जन्मभर तिच्यापुढं खोटं न बोललेला माणूस. त्याच्या तोंडून ‘हो’ निघेना! एक ‘हो’ म्हणाला असता, तर... पण नाही निघाला. रेवानं पेन्सिल खाली ठेवली आणि हात परकराआड घेतला.

रेवा आता चौथीत आहे. नाव तेवढं लिहिते, उजव्या हातानं. बाई अजून रोज तिच्याशेजारी बसतात. खण अप्पानं कधीच जाळून टाकला, पण पोरीचा डावा हात काही वर येत नाही. अप्पा देवीपुढं रडतो. देवी काही बोलत नाही.

आता तुम्ही विचाराल, त्या उत्सवातले ते बुवा कोण?

मी. हीच जीभ. टाळ्या मिळवायला बोललो आणि बिदागीचा नारळ घेऊन पुढच्या गावाला गेलो. मागच्या वर्षी आंबेखिंडीला पुन्हा गेलो, तेव्हा अप्पानं माझ्या पायावर डोकं ठेवून विचारलं, ‘बुवा, माझं काय चुकलं?’ काय सांगू त्याला?

देव माफ करतो, मंडळी, त्याचं काय जातंय! पण रेवाचं अक्षर आता कुठून आणू?

तुमच्याही घरी लेकरं आहेत. अभ्यासाला बसवता, माया करता. पण त्यांचा कुठला हात बांधलाय, बघितलंय कधी? आणि कुणाच्या सांगण्यावरून? माझ्यासारख्याच कुणाच्या तरी ना?

टाळ खालीच राहू द्या. आज गजर म्हणायला माझं तोंड उघडत नाही. घरी जा, पोरं झोपायच्या आत पोचा.